मामाचा प्रोसेसर

दुकानात नवीन माणूस आला की आधी माझ्याकडे बघतो आणि मग माझ्या खांद्यावरून मागे बघतो. मागे मालक असतील असं त्याला वाटतं. मागे मोकळी खोकी आहेत, पाण्याचा जार आहे आणि माझी पदवी आहे. बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स. इतर दुकानांत जिथे देवाचा फोटो असतो तिथे मी ती फ्रेम करून लावली आहे. देव शेजारी आहे, जरा लहान आकारात. त्याची अजून तक्रार आलेली नाही.

"मालक कधी येतील?" असं कुणी विचारलं की मी "बसा, येतीलच" म्हणते आणि त्याचं मशीन उघडून दुरुस्त करून देते. एक जण असाच पाऊण तास बसला होता. जाताना म्हणाला, "मालक आले की सांगा, तुमच्या बाईंनी काम चांगलं केलं." मी मालकांना निरोप दिला. मालक खूश झाल्या.

नगरमध्ये मी बावीस वर्षं कॉम्प्युटर जोडते. तयार खोक्यात येतात ते वेगळे. माझ्याकडे माणूस काम सांगतो, मी त्या कामाला लागणारे सुटे भाग निवडते आणि एका डब्यात बसवून देते. माझे वडील श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते, चौथी शिकलेले. माझ्याआधी आमच्या घरातलं कॉलेजच्या आवारात कोणी गेलं असेल तर माझा चुलता, आणि तो तिथे चुना मारायला गेला होता. त्यामुळे पदवीचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. या लेखात तो अभिमान जिथे आपटला ती हकीकत सांगायची आहे, पण आधी धंदा समजून घ्या, नाहीतर माझी चूक किती मोठी होती ते कळणार नाही.

लोकांना वाटतं, बाजारातलं महागातलं महाग सामान एका डब्यात भरलं की भारी मशीन होतं. मी त्यांना कारखाना समजावते. प्रोसेसर म्हणजे ऊस पिळणारी मिल. रॅम म्हणजे गव्हाण, जिथे मोळ्या पडतात. डिस्क म्हणजे बाहेर गाड्यांची रांग उभी असते ते मैदान. पॉवर सप्लाय म्हणजे बॉयलर. आणि हे सगळं ज्या जमिनीवर उभं आहे, ज्या पट्ट्यांवरून ऊस इकडून तिकडे जातो, तो मदरबोर्ड. आम्ही नुसतं बोर्ड म्हणतो. मिल कितीही मोठी आणा, गव्हाण अरुंद असेल तर ती रिकामीच फिरणार. आणि मिल बसवायला जमिनीत जो चौथरा बांधलेला असतो, तो एकाच मापाच्या मिलचा असतो. बोर्डावरच्या या चौथऱ्याला सॉकेट म्हणतात. प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या आहेत आणि दोघींचे चौथरे वेगळे. एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर बसत नाही. थोडा बसतो, ओढूनताणून बसतो, असं काही नसतं. बसतच नाही.

हे पत्रिका जुळवण्यासारखंच झालं की, असं मला पुष्कळ जण म्हणतात. तसं नाही. पत्रिकेत छत्तीसपैकी अठरा गुण जुळले तरी लोक लग्न लावून मोकळे होतात. इथे छत्तीसपैकी पस्तीस जुळले तर पंखा फिरतो, लाइटी लागतात आणि स्क्रीन काळा राहतो.

कॉलेजात मला तीन वर्षं बरंच काही शिकवलं, पण या धंद्यातला सगळ्यात उपयोगी नियम वडिलांचा आहे. ते म्हणायचे, "पार्ट बसवताना जोर लावावा लागला, तर जोर कमी न्हाई, पार्ट चुकीचा हाय." मी आजवर कुठल्याही पार्टवर जोर लावलेला नाही. माणसांवर एकदा लावला.

आता गिऱ्हाइकं. श्रीगोंद्याचे एक बागायतदार आले होते, सगळे त्यांना आबा म्हणतात. मुलगा इंजिनिअरिंगला गेलेला, त्याला मशीन हवं होतं. मुलगा बोलायच्या आत आबांनी विचारलं, "किती एचपीचं देता?"

बावीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हसणार होते, पण मनात हिशेब केला. त्या मशीनला साडेसातशे वॅटचा पॉवर सप्लाय लागणार होता, आणि एक एचपी म्हणजे जवळपास तेवढंच. मी म्हणाले, "एक एचपी."

आबांचा चेहरा पडला. "एकच? आमच्या हिरीवर साडेसातची हाय."

मुलगा जमिनीकडे बघायला लागला. मी म्हणाले, तेवढ्यात हे सेकंदाला अब्जावधी आकडेमोडी करतं. आबांनी हनुवटी खाजवली, बराच वेळ विचार केला आणि मला वाटलं आता म्हणतील, दोन लावा. ते म्हणाले, "म्हंजे एका एचपीत हे एवढं करतंय, आन् आमची साडेसातची नुसती पानी वडती." मशीन घेतलं. लाइटी मात्र बाहेरून दिसल्या पाहिजेत अशी अट घातली. लाइटींचा वेगाशी काडीचा संबंध नसतो, पण मी ते सांगायचं कधीच सोडून दिलं आहे. दुकान लाइटींवर चालतं, वेग मी त्यांना फुकट देते.

राहुरीचे एक गृहस्थ घरांचे नकाशे काढून देतात. त्यांचं मशीन तीन महिन्यांत तीनदा गरम होऊन बंद पडलं. मी तिन्ही वेळा पंखा बदलला आणि तिन्ही वेळा माझ्या ज्ञानावर शंका घेतली. शेवटी घरी जाऊन पाहिलं तर मशीन दिवाणखान्यात सागवानी शोकेसमध्ये, काचेचं दार बंद, वर क्रोशाचं कव्हर. धूळ जाते म्हणून. मी म्हणाले, हे बाहेर काढा. ते म्हणाले, "मग शोकेसमध्ये काय ठेवू?" मी म्हणाले, "पंखे ठेवा. तीन आहेत."

अशा अनुभवांतून मी एक पद्धत पाडली. तोंडी सांगायचं नाही, लिहून द्यायचं. पट्टीने रेघा मारून तक्ता. डावीकडे वस्तूचं नाव आणि पुढे दोन रकाने. पहिल्या रकान्यात एका कंपनीचा प्रोसेसर आणि त्याखाली त्याला जुळणारं सगळं सामान, दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर आणि त्याचं सामान. ऐपत आणि काम बघून माणसाने एक रकाना निवडायचा. माझ्या तक्त्याची या लाइनीतले इतर दुकानदारही तारीफ करायचे. पदवीधर माणसाचं काम दिसतं, असं एक जण म्हणाला होता. मी तो शब्द अजून जपून ठेवला आहे, जरी आता त्याची किंमत उतरली असली तरी.

ऋतुजा माझ्याकडे आली ती हा तक्ता न्यायला. मुलगी राजूरची, वडिलांचं तिथे बाजारात किराणा दुकान. नाशिकला दोन वर्षं थ्री-डी शिकली, एक वर्ष तिथेच नोकरी केली आणि आता पुण्याच्या एका स्टुडिओने तिला घरी बसून काम द्यायचं कबूल केलं होतं. जाहिरातीत दिसतात ती घरं, ती स्वयंपाकघरं खरी नसतात, ही मुलगी ती कॉम्प्युटरवर बांधते. त्यासाठी दणकट मशीन लागतं. स्टुडिओची अट होती की ठरलेल्या सोमवारी सकाळी दहाला तिने स्वतःच्या मशीनवर काम सुरू करायचं. नाही जमलं तर यादीत तिच्यामागे दुसरं नाव होतं. आणि घरी वडिलांनीही सांगून ठेवलं होतं, जमलं तर उत्तम, नाही जमलं तर दुकानात गल्ल्यावर बस. संगमनेर जवळ असताना ती नगरपर्यंत आली, कारण तिची एक मैत्रीण माझ्या हातच्या मशीनवर काम करते.

मी तक्ता दिला. ती राजूरला गेली आणि तिथे मला माहीत नसलेली एक गोष्ट झाली.

आपल्याकडे मुलीचं पहिलं काहीही असलं की त्यात मामाचा मान असतो. जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर, लग्नात पाठीशी उभा तो मामा. मग पहिल्या कॉम्प्युटरने काय पाप केलं? ऋतुजाचा मामा चाकणला एका कारखान्यात आहे. तो म्हणाला, प्रोसेसर माझ्याकडून. मामाने एवढं म्हटल्यावर चुलत्यांना गप्प बसता येईना. चुलते म्हणजे राजूरचे गुरुजी, वडिलांचे थोरले भाऊ, प्राथमिक शाळेतून निवृत्त. ते म्हणाले, बोर्ड माझ्याकडून. डबा आणि स्क्रीन वडिलांचा, चित्रं उभी करणारं ग्राफिक्स कार्ड ऋतुजाने तिच्या पगारातून साठवून घेतलं होतं. बाकीचं किरकोळ माझ्याकडून. माझ्या तक्त्याचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला आणि ज्याने त्याने आपापला मान खरेदी केला. मामाने पुण्यातून, गुरुजींनी नाशिकहून.

शनिवारी सकाळी अकराला चौघं जीप करून दुकानात आली. ऋतुजा, वडील, मामा आणि गुरुजी. सगळ्या खोक्यांवर हळदकुंकू. घरी पूजा झालेली, पूजेत खोकी उघडून सगळ्या आळीला दाखवलेली, सील फुटलेली. म्हणजे कुठल्याच दुकानाने परत घेतली नसती. गुरुजींनी आल्या आल्या माझी पदवी वाचली, माझं कॉलेज विचारलं आणि मान डोलावली. मला बरं वाटलं. शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाला ओळखलं असं वाटलं.  मामाने त्याचं खोकं टेबलावर ठेवलं आणि ते टेबलाच्या कडेला समांतर आहे का ते बघून बोटाने जरासं सरळ केलं.

मी बोर्ड उघडला. चौथरा लांबट. मामाचं खोकं उघडलं. प्रोसेसर चौरस.

एका सेकंदात मला सगळं कळलं, म्हणजे चूक काय झाली तेही कळलं आणि कुणाची तेही. माझ्या तक्त्यात 'प्रोसेसर' या नावापुढे दोन नावं होती. 'बोर्ड' या नावापुढेही दोन नावं होती. मामाने प्रोसेसरच्या ओळीत पाहिलं आणि दोनपैकी एक घेतला. गुरुजींनी बोर्डाच्या ओळीत पाहिलं आणि दोनपैकी एक घेतला. शहाणा माणूस तक्ता असाच वाचतो, आडवा. तो उभा वाचायचा आहे, एकच रकाना निवडायचा आहे, हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. रकान्यांना मथळेसुद्धा नव्हते. मला ते इतकं उघड वाटत होतं. तोवर सगळं सामान माझ्याच दुकानातून जायचं, निवडलेल्या रकान्यातलं काढून द्यायची मीच, त्यामुळे तो तक्ता किती वाईट आहे हे कधी उघडकीला आलं नव्हतं.

त्याची एक प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी ती काढली नाही. मी म्हणाले, "हा प्रोसेसर या बोर्डावर बसत नाही."

वाक्य खरं होतं. 'हा बोर्ड या प्रोसेसरला चालत नाही' हेही तितकंच खरं होतं. पण बोर्ड म्हणजे घर आणि प्रोसेसर म्हणजे पाहुणा, आणि न जमणारा पाहुणाच असतो. मी कुठलं वाक्य निवडते आहे ते मला बोलताना कळत होतं.

गुरुजी मामाकडे वळले. "पाहुणे, आणण्याआधी विचारायचं तरी. एका फोनचं काम होतं."

मामाने बोर्ड उचलला, उजेडाकडे तिरपा धरला, चौथऱ्याकडे बघितलं, मग आपल्या प्रोसेसरकडे बघितलं. बोर्ड होता तिथे ठेवला आणि म्हणाला, "चुकलं."

गुरुजींनी तिथे थांबायला हवं होतं. पण दोन घरांमधलं जुनं काहीतरी असावं. ते म्हणाले, आपण नाशिकला तीन दुकानं फिरून, नीट यादीत बघून बोर्ड घेतला, आणि तुमच्या चाकणला काय, कंपनीच्या गेटबाहेर दिसलं ते उचललं असेल. मामा नुसता हसला. म्हणाला, "तसंच आसंल." वडील एकदा भावाकडे बघत होते आणि एकदा मेव्हण्याकडे. मी स्क्रू मोजत होते. स्क्रू मोजायचं काही कारण नव्हतं.

मग प्रश्न आला पुढे काय. आजच मशीन घेऊन जायचं होतं, उद्या रविवार, परवा दहाला काम. गुरुजींच्या मते उत्तर सोपं होतं, पाहुण्यांचा प्रोसेसर बाजूला ठेवायचा आणि बोर्डाला जुळेल तो घ्यायचा. मामा म्हणाला, "काढा माझा. माझं काय न्हाई त्यात."

 ऋतुजा म्हणाली, "मामाचा काढायचा न्हाई."

"मग माझा बोर्ड काढतेस?" गुरुजींनी शांतपणे विचारलं. शाळेत ज्या आवाजात विचारत असतील त्याच आवाजात.

वडिलांनी मुलीकडे असं बघितलं की ती पुन्हा बोलली नाही. ग्राफिक्स कार्डाचं खोकं तिने छातीशी धरलं होतं. दोन वर्षं शिकून आणि एक वर्ष नोकरी करून तिने घेतलेली ती एकच गोष्ट टेबलावर आली नव्हती. मी ते मागून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही जेवून या, तोवर मी बघते.

चौघं गेल्यावर मी शेजारी इक्बालभाईंकडे गेले. त्यांचं यूपीएस आणि पॉवर सप्लाय दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त वर्षं ते या गल्लीत बसतात. मी सगळं सांगितलं, तक्त्यासकट. ते सोल्डरिंग करत होते, मान वर केली नाही.

"प्रोसेसर कूलरच्या पंख्याखाली ऱ्हातो ना, ताई?"

"हो."

"मग झाकलेल्या वस्तूला कोन बघतंय? तुमचा बसवा, त्यांचं खोकं वर ठेवा."

मी तेच केलं. माझ्या कपाटातला, गुरुजींच्या बोर्डाला जुळणारा, मामाच्या प्रोसेसरच्याच तोडीचा प्रोसेसर काढला. तो चौथऱ्यावर नुसता ठेवला, आपसूक बसला. वर पेस्ट, वर कूलर, झालं. मामाचा प्रोसेसर पिशवीत गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला, तक्त्याच्या प्रतीवर. पैसे मी माझ्याकडून घातले आणि त्याला मनात दंड म्हणाले. दंड भरला की माणूस सुटतो असा माझा समज होता.

चौघं जेवून आली तेव्हा मशीन चालू होतं. ऋतुजा खुर्चीत बसली आणि तिने आधी तीच खिडकी उघडली जिथे मशीनची सगळी माहिती येते. पहिल्याच ओळीत प्रोसेसरचं नाव. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं. मामा तिच्या मागे उभा होता. तिने खिडकी बंद केली आणि दुसरंच काहीतरी उघडून बसली.

"जमलं?" गुरुजींनी विचारलं.

"जरा सेटिंग करावं लागलं," मी म्हणाले.

सेटिंग. आमच्या धंद्यात जे सांगायचं नसतं त्याला हा शब्द आहे. गुरुजी मामाला म्हणाले, "बघा, शिक्षणाचा उपयोग. बाईंनी तुमची चूक निस्तरली." मामाने मला दोन्ही हात जोडले. म्हणाला, "लई उपकार झाले ताई." मी नमस्कार घेतला. कुंकू लावलेलं रिकामं खोकं त्याच्या हातात दिलं आणि तो ते सांभाळून घेऊन गेला.

निघताना गुरुजींनी त्यांच्या गावच्या वाचनालयाचं सांगितलं. ते तिथले कार्यवाह आहेत. दरवर्षी दिवाळी अंक मागवतात, एकूण एक वाचतात आणि कुठे चुकीची माहिती छापलेली दिसली की समासात पेन्सिलीने खरी लिहितात. पुढच्या वाचकाची दिशाभूल होऊ नये म्हणून. मी म्हणाले, अशी माणसं हवीत.

सोमवारी सव्वादहाला ऋतुजाचा मेसेज आला, "सुरू झालं." महिन्याभराने दुसरा आला, स्टुडिओने तिला कायम काम दिलं होतं. मी पेढे वाटावेत इतका मला आनंद झाला आणि वाटावेत इतकी हिंमत झाली नाही. ड्रॉवर उघडला की पिशवी दिसायची. तो प्रोसेसर मला कुठल्याही मशीनमध्ये घालता आला असता. धंद्यात तेच करतात. मी नाही घातला. एवढं मी माझ्या बाजूने सांगू शकते आणि एवढंच सांगू शकते.

सहा महिन्यांनी, दुपारी दुकानात कुणी नसताना, मामा एकटा आला. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं नाही. स्टुलावर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझा तुकडा तुमच्याकडं हाय ना?"

"कोणता?"

"गुरुजींच्या बोर्डावर बसला न्हाई, तो."

मी ड्रॉवर उघडला. पिशवी काढून टेबलावर ठेवली. त्याने प्रोसेसर बाहेर काढला, कडेने धरून, जसा धरायला हवा तसा, आणि उजेडात बघितला. तेव्हा कळलं की तो कारखान्यात तपासणीला आहे. दिवसभर हातात माप तपासायचं गेज घेऊन पार्ट बघतो. बसला तो पास, न बसला तो लाल पेटीत.

"जागा लांबट, तुकडा चौरस," तो म्हणाला. "पोरगंबी सांगंल. जेवून आलो तर मशीन चालू. डब्याच्या काचंतून बोर्ड तर गुरुजींचाच दिसत हुता. मग बदललं काय?"

मी म्हणाले, "चूक माझी होती. तक्ता मी चुकीचा दिला होता."

"ठाव हाय." त्याने मोबाईल काढून फोटो दाखवला. माझा तक्ता, पट्टीने मारलेल्या रेघा, कुठेही मथळा नाही. "हे तवाबी खिशात हुतं."

"मग तेव्हा दाखवलं का नाहीत? गुरुजी एवढं बोलले तुम्हाला."

त्याने मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाला, "लाइन बंद पडली की आमच्याकडं आदी पार्ट बदलत्यात. चूक कुनाची ते मागनं. मी हे काडलं असतं तर तुमी, गुरुजी आन् मी, तिगं भांडत बसलो असतो. पोरीचा सोमवार गेला असता."

 मी म्हणाले, तुम्हाला वाईट वाटलं असेल. तो म्हणाला, "तुमी शिकल्याल्या. तुमाला ते उघड वाटलं आसंल." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

गुरुजींना मी सांगू का, असं विचारलं. म्हणाला, "ती तुमची मर्जी. मी सांगनार न्हाई."

मग तो कामाचं बोलला. त्याची धाकटी मुलगी ऋतुजाचं बघून तेच शिकायला लागली होती. तिला मशीन हवं होतं. हा प्रोसेसर घेतलेलाच आहे, तर याच्याभोवती बाकीचं जुळवून द्या, म्हणाला. मी कागद घेतला, सवयीने पट्टी घेतली, पहिली उभी रेघ मारली आणि दुसरी मारायला पट्टी सरकवली.

"ताई," मामा म्हणाला, "या बारीला एकच रकाना."

ते मशीन मी तीन दिवसांत जोडलं आणि ते उत्तम चालतं. तक्ते मी अजूनही देते, एका रकान्याचे. गुरुजींना फोन मात्र झाला नाही. म्हणजे दोनदा केला. दोन्ही वेळा ते "बोला बाई" म्हणाले आणि मी त्यांना प्रिंटरची शाई कशी चालली आहे असं विचारलं. त्यांच्याकडे प्रिंटर नाही. म्हणून या दिवाळी अंकाच्या संपादकांनी लेख मागितल्यावर मी लगेच हो म्हणाले.

गुरुजी, हा अंक आता राजूरच्या वाचनालयात पोचला असेल आणि पेन्सिल तुमच्या हातात असेल. वर मी एका शनिवारी म्हटलेलं एक वाक्य आहे, 'हा प्रोसेसर या बोर्डावर बसत नाही.' त्याच्या समासात लिहा, पाहुण्यांनी बरोबर आणला होता, यादी बाईंनी चुकीची दिली होती. पुढच्या वाचकाची दिशाभूल नको. आणि मग पाहुण्यांशी बोला. एका फोनचं काम आहे.